पोटात बाळ असताना रोजा धरायचा का? चांद दिसायच्या आधी ठरवा

रमजानच्या आधीचा शाबान महिना लागला की आमच्या उपकेंद्रात एक प्रश्न सुरू होतो. वजन होतं, बीपी होतं, कार्डावर नोंद होते आणि बाई उठता उठता ओढणी सावरत विचारते, "सिस्टर, रोजे धरू का?" बहुतेकींचं घरी ठरलेलं असतं. मी फक्त हो म्हणावं एवढीच अपेक्षा असते. नाही म्हटलं तर चेहरा पडतो. हो म्हटलं तर मला रात्री झोप लागत नाही, कारण कार्डावर एचबी (हिमोग्लोबिन) 8.4 लिहिलेला मीच पाहिलेला असतो.

मी एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली नर्स आहे. माहेर मिरजेचं, सासर चिपळूण तालुक्यातलं, नोकरीही इकडेच. माझी दोन्ही बाळंतपणं रमजानच्या आगेमागे झाली. 2008 साली सहावा महिना चालू असताना मी बारा रोजे पूर्ण केले आणि तेरावा मोडला. 2011 साली एकही धरला नाही. दोन्ही वेळा मला कुणी नीट बसवून काही सांगितलं नव्हतं. नर्सला कोण सांगणार! म्हणून हे लिहिते आहे. हा फतवा नाही आणि औषधाची चिठ्ठीही नाही. तुमचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी आणि तुम्ही मानता त्या आलिमांशी (धर्माच्या जाणकारांशी) बोलूनच व्हायचा. फक्त तिथे जाताना हातात काय घेऊन जायचं, काय विचारायचं, ते मी सांगते.

आधी धर्माचं, कारण खरी अडचण तिथेच असते

बायका दवाखान्यात आरोग्याचा प्रश्न विचारतात, पण मनात गुन्ह्याची भीती असते. ती भीती तशीच ठेवून एचबीचे आकडे सांगण्यात अर्थ नाही, म्हणून मी हे आधी घेते.

कुराणातल्या सूरह बकराच्या 184 आणि 185 क्रमांकाच्या आयतींत आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजे पुढे ढकलून दुसऱ्या दिवसांत पुरे करायची मुभा आहे. गरोदर बाई आणि अंगावर पाजणारी बाई यांनाही रोज्याची सवलत असल्याची हदीस (पैगंबरांचं वचन) अनस बिन मालिक काबी यांच्याकडून आलेली आहे. चारही मजहब, म्हणजे इस्लामी कायद्याच्या परंपरा, यावर एकत्र आहेत: स्वतःला किंवा बाळाला अपाय होण्याची रास्त भीती असेल तर रोजा सोडता येतो. अपाय होणार हे स्पष्टच दिसत असेल तर धरूच नये, असंही आलिम सांगतात. "भीती" म्हणजे नुसतं वाटणं नव्हे. अंगात दिसणारं लक्षण, आधीच्या बाळंतपणाचा अनुभव किंवा जाणत्या डॉक्टरचं सांगणं, यांपैकी काहीतरी आधार हवा.

मग बदल्यात काय द्यायचं? इथे आमच्या घरात गंमत आहे. मिरजेकडचे आम्ही हनफी मजहबाचे, कोकणातले बहुतेक शाफई. हनफी मतानुसार सोडलेल्या रोज्यांची पुढे कजा करायची, म्हणजे तेवढेच रोजे नंतर भरायचे, एकास एक, बस. फिदिया, म्हणजे बदल्यात गरिबाला धान्य, नाही. शाफई मतानुसार स्वतःच्या तब्येतीच्या भीतीने सोडला तर फक्त कजा. पण केवळ बाळाच्या भीतीने सोडला तर कजा आणि शिवाय प्रत्येक रोज्यामागे एक मुद धान्य गरिबाला, म्हणजे साधारण सहाशे ग्रॅम. 2011 साली मी सगळे 29 रोजे सोडले तेव्हा माझे वडील फोनवर म्हणाले, कजा पुरे. सासरे म्हणाले, तांदूळही द्यायला हवेत. शेवटी मौलानांना विचारलं. त्यांनी उलट विचारलं, "भीती कुणाची होती, आईची की बाळाची?" रक्त माझंच कमी होतं, तेव्हा कजा पुरे झाली असती. सासऱ्यांनी तरी साडेसतरा किलो तांदूळ काट्यावर मोजून दिले. "देऊन कुणाचं वाईट होत नाही," म्हणाले. तर तुमच्या मौलानांकडे जाताना हा प्रश्न तयार ठेवा: मी कुणाच्या भीतीने सोडते आहे?

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे मी बायका बेशुद्ध पडेपर्यंत ताणताना पाहिल्या आहेत. "मध्येच रोजा तोडला तर साठ रोजे भरावे लागतात." साठ रोज्यांचा कफ्फारा (प्रायश्चित्त) हा कारण नसताना जाणूनबुजून रोजा मोडण्यासाठी आहे. चक्कर येते आहे, पोटात कळा येत आहेत, म्हणून मोडला तर एका रोज्याला एकच रोजा. हे घरातल्या मोठ्यांनाही आधी सांगून ठेवा. ऐन वेळी दुपारी चार वाजता कुणाशी वाद घालण्याइतकं त्राण नसतं.

चांदाच्या आधीच्या दोन आठवड्यांत

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, त्यामुळे तो कधी येणार हे महिनाभर आधी कळतंच. तेव्हा चांद दिसायची वाट न पाहता दोन आठवडे आधी दवाखाना गाठा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. ती 9 तारीख रमजानआधीची पकडली तर सगळंच एका फेरीत होतं.

कार्ड घेऊन जा आणि एचबी, बीपी, वजन, लघवीची तपासणी व साखर एवढं करून मागा. गरोदरपणात एचबी 11 च्या खाली म्हणजे रक्त कमी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 52.2 टक्के गरोदर बायकांत रक्त कमी आढळलं होतं, म्हणजे ही काही चारचौघींत एखादीची गोष्ट नाही. साखरेच्या टेस्टला 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. आकडा 140 किंवा जास्त आला तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. ही टेस्ट साहजिकच रोज्यात होत नाही, आणि बायका "ईदनंतर करू" म्हणून ती टाळतात. नेमका तोच महिना हुकतो. आधी करून टाका. नुसती सुई टोचून रक्त दिल्याने किंवा पोटावरून सोनोग्राफी केल्याने रोजा जात नाही, तेव्हा रमजानमधल्या बाकी तपासण्या चुकवायचं कारण नाही. आतून तपासणी किंवा खालून औषध ठेवायचं असेल तर तेवढं मौलानांना विचारून घ्या किंवा इफ्तारनंतरची, म्हणजे संध्याकाळी रोजा सुटल्यानंतरची, वेळ मागा.

डॉक्टरांना "रोजे धरू का?" असं मोघम विचारू नका. काही डॉक्टरांना रोजा म्हणजे आपल्या एकादशीसारखा, फराळ चालणारा, वाटतो. हे मी स्वतः ऐकलेलं आहे. सरळ सांगा: पहाटे पावणेसहापासून संध्याकाळी साडेसहापर्यंत पाण्याचा थेंबही नाही, गोळीही नाही, असे तीस दिवस. मग विचारा.

कुणी अजिबात धरू नये

इथे मी घासाघीस करत नाही. इन्सुलिन चालू असेल किंवा गरोदरपणात साखर वाढली असेल, बीपी वाढलेलं असेल, पाय-तोंड सुजून लघवीतून प्रथिनं जात असतील, जुळं असेल, आधीचं बाळ दिवस भरायच्या आत झालेलं असेल, सोनोग्राफीत बाळाची वाढ कमी सांगितली असेल, अंगावरून रक्त गेलं असेल, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल, उलट्यांनी पाणीसुद्धा टिकत नसेल, एचबी फार खाली असेल, तर नाही. यांतलं एक जरी लागू असेल तर पुढचं "धरणार असाल तर" हे प्रकरण तुमच्यासाठी नाही. थेट शेवटच्या कजाच्या भागाकडे जा.

वारंवार लघवीला जळजळ होणारी बाईही मी याच यादीत धरते. पाणी कमी पडलं की ते दुखणं पुन्हा उसळतं, आणि लघवीच्या संसर्गाने अवेळी कळा सुरू होऊ शकतात.

उरलेल्यांसाठी: महिना कितवा, दिवस केवढा, काम काय

पोटात बाळ असताना उपाशीपणाचा परिणाम लवकर होतो. एरवी दिवसभर उपाशी राहिल्यावर जी अवस्था येते ती गरोदर बाईला कमी तासांत येते: रक्तातली साखर उतरते, शरीर चरबी जाळायला घेतं, कीटोन वाढतात. बाळाला साखरेचा पुरवठा थांबवता येत नाही, म्हणून आईचा साठा आधी संपतो. दुपारी तीननंतर डोकं जड होतं ते यामुळे.

अभ्यास काय म्हणतात, असं शिकलेल्या मुली विचारतात. प्रामाणिक उत्तर हे की दोन्हीकडचे आहेत. 2018 साली 22 अभ्यास एकत्र करून, एकतीस हजारांवर गरोदरपणांची माहिती पाहिली गेली. त्यात रोजे धरल्याने बाळाचं वजन कमी होतं किंवा बाळ लवकर जन्मतं असं ठळकपणे दिसलं नाही, वारेचं वजन मात्र थोडं कमी आढळलं. उलट 2011 मधल्या एका अभ्यासात मिशिगन, युगांडा आणि इराकमधली माहिती तपासली होती. आई गरोदर असताना रमजान आलेल्यांत मिशिगनमध्ये जन्माचं वजन कमी, आणि युगांडा-इराकमध्ये मोठेपणी अपंगत्वाचं प्रमाण जास्त दिसलं. त्या बायकांनी प्रत्यक्षात रोजे धरले होते का, हे मात्र त्यात नोंदलेलं नव्हतं. म्हणजे "काही होत नाही" म्हणणाऱ्या जावेकडेही पुरावा पुरता नाही आणि "बाळ जाईल" म्हणून घाबरवणाऱ्या शेजारणीकडेही नाही. अशा वेळी मी सरासरी सोडते आणि समोर बसलेल्या बाईचं कार्ड बघते.

पहिले तीन महिने उलट्या, मळमळ, त्यात बाळाचे अवयव घडण्याचा काळ. मी धरू नका म्हणते. चौथा ते सहावा त्यातल्या त्यात सोसवतो. सातव्यानंतर बाळ झपाट्याने वाढतं, आईला धाप लागते, पाणी कमी पडलं की पोट दगडासारखं होतं. तेव्हा पुन्हा नाहीकडेच माझा कल.

दिवसाची लांबी बघा. आमच्याकडे फेब्रुवारीच्या शेवटी रोजा पावणेतेरा तासांच्या आसपास असतो, मे अखेरीस सव्वाचौदाच्या वर जातो, आणि वर उकाडा. तुमच्या आईने थंडीत धरले असतील, आजीने पावसाळ्यात. "मी पाच पोरांना सगळे रोजे धरले" असं सासूबाई म्हणतात तेव्हा त्या खोटं बोलत नसतात. ते कुठल्या ऋतूत पडले होते, एवढं प्रेमाने विचारून बघा.

आणि काम. आता मी जे सांगणार आहे ते कुठल्याच डॉक्टरच्या यादीत नसतं. कोकणातल्या सुनेला रोजा जड जात नाही, रोजाचा स्वयंपाक जड जातो. दुपारी तीनला चुलीपुढे उभी राहिली की साडेसहापर्यंत भजी, समोसे, कटलेट, बारा माणसांची रात्रीची भाकरी. पुढे पाट्यावरची भांडी. पहाटे चारला उठून पुन्हा सहरी, म्हणजे रोज्याआधीचं जेवण. तेलाच्या धगीत तीन तास उभी असलेली बाई घामातून जे पाणी घालवते ते भरून काढायला तिला मगरिबपर्यंत, म्हणजे सूर्यास्तापर्यंत, परवानगी नसते. म्हणून माझ्याकडे जी मुलगी रोजे धरायचंच म्हणते तिला मी एक अट घालते: तीन ते सहा तू आडवी. तळण दुसऱ्या कुणाचं. घर हे मानत नसेल तर त्या घरात तुझ्या रोज्याला हरकत माझी आहे, असं सांग. माझं नाव वापरायला मी सगळ्यांना मुभा दिली आहे. एकीच्या नवऱ्याने कुवेतहून फोन करून मला विचारलं, "सिस्टर, रोजा तिने धरायचा आणि तळायचं आईने?" मी म्हटलं, तुमची आई तळेल किंवा बाजारातून आणा, पण तीन तास उभं राहणं हे रोज्याचं फर्ज नाही. माणूस हसला. घरी समोसे विकतचे येऊ लागले.

माझा तेरावा रोजा

2008 ला रमजान आणि गणपती एकत्रच आले होते. 14 सप्टेंबर, अनंत चतुर्दशी, माझा तेरावा रोजा. त्यांची चौदावी तिथी आणि आमची तेरावी तारीख. चांद एकच, मोजायला सुरुवात एक दिवस पुढेमागे. विसर्जनाच्या ठिकाणी आरोग्य पथकाची ड्युटी होती. रविवार असूनही तीनला घरातून निघाले. ऊन पावसाआडचं, चिकट. नदीकाठी एका खुर्चीवर बसून मी दुसऱ्यांच्या पोरांच्या पायातले काचेचे तुकडे काढत होते.

दुपारी लघवीला गेले तेव्हा रंग कोऱ्या चहासारखा होता. मला त्याचा अर्थ ठाऊक होता, रोज दहा जणींना मी तेच सांगत असे. तरी मनात हिशेब असा चालला की अडीच तास राहिलेत. साडेचारच्या सुमारास लक्षात आलं की जेवणवेळेपासून बाळ हललेलं नाही. मग उठले आणि नदी, गणपती, गुलाल सगळं एका बाजूला कललं.

सोबतच्या सिस्टरने काही उपदेश केला नाही. बीपी लावलं, 80 बाय 50 आलं, आणि मशीन माझ्याकडे फिरवून ठेवलं. जलसंजीवनीचं पाकीट फोडून लिटरभर पाण्यात ढवळलं. मी पेला हातात धरून बसले. रोजा मोडताना आपल्याकडे काही दुआ नाही. बिस्मिल्ला म्हणून प्याले. दोन पेले पोटात गेले, डाव्या कुशीवर ॲम्ब्युलन्समध्ये आडवी झाले, आणि वीसेक मिनिटांनी बरगडीखाली एक लाथ बसली. इतकं रडू आलं की ड्रायव्हर घाबरला.

रात्री पोट कडक येऊ लागलं म्हणून एक दिवस भरती राहिले, सलाईन लागलं, मग थांबलं. मुलगा डिसेंबरात झाला, दिवस भरून, दोन किलो नऊशे. म्हणजे पुढे काही बिघडलं नाही. पण त्या वीस मिनिटांत मला जे कळलं ते असं: माझी चूक रोजे धरण्यात नव्हती. मी एकदाच, चांद दिसला त्या रात्री, सगळ्या महिन्याचं ठरवून टाकलं होतं, ती चूक होती. मोडायचा कधी हे ठरवलंच नव्हतं. वास्तविक रोज्याची नियत (मनातला संकल्प) रोजची वेगळी असते; शाफई रिवाजात तर ती रोज रात्रीच करावी लागते. मग निर्णयही रोजचाच ठेवा. आज झोप लागली का, काल लघवी नीट झाली का, आज बाजारचा दिवस आहे का, हे बघून सहरीला ठरवा. एक दिवसाआड धरले तरी धरलेच की. आठवड्यातून शुक्रवारचा एकच धरणाऱ्याही माझ्या ओळखीत आहेत.

धरणार असाल तर

सहरी चुकली तर त्या दिवशी रोजा नाही, हा पहिला नियम. नुसत्या पाण्यावर धरलेला रोजा गरोदर बाईने धरू नये. सहरीला भात लवकर जिरतो. नाचणीची किंवा ज्वारीची भाकरी, डाळ, दोन अंडी, दही, एखादं केळं हे दुपारपर्यंत टिकतं. सुकट आणि बोंबील मला स्वतःला फार आवडतात, पण सहरीला नकोत. सकाळी अकरालाच जीभ टाळ्याला चिकटते. लोणचं-पापडाचंही तेच. चहा एकच कप.

पाणी इफ्तार ते सहरी या वेळात आठ-दहा पेले पोटात जायला हवं, तेही थोडं थोडं. सहरी संपल्याचा सायरन व्हायच्या आधी घाईघाईने तांब्याभर प्यायलेलं पाणी अर्ध्या तासात बाहेर येतं. इफ्तारला खजूर, पाणी, पातळ सूप किंवा ताक, मग नमाज, मग जेवण. लाल सरबताचे तीन पेले आणि आठ भजी खाऊन जी सुस्ती येते तिला बायका रोज्याचा थकवा समजतात.

गोळ्या बंद करू नका. हे इतक्यांदा होतं की मी आता विचारतच नाही, सरळ पाकिटातल्या गोळ्या मोजते. कॅल्शियमची एक सहरीला आणि एक इफ्तारनंतरच्या जेवणाबरोबर. रक्तवाढीची लाल गोळी त्यानंतर निदान दोन तासांनी, तरावीहची रात्रीची नमाज झाल्यावर झोपताना, लिंबूपाण्याबरोबर. दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह अंगी लागत नाही, आणि चहाबरोबर घेतली तर वायाच. बीपीची, थायरॉइडची, फिटची गोळी असेल तर वेळ स्वतः बदलू नका, विचारा.

आठवड्याला वजन करा, त्याच काट्यावर. आठवडाभर वाढलं नाही तर लक्ष ठेवा. कमी झालं तर रोजे थांबवून दाखवायला या. सातव्या महिन्यापासून बाळाची हालचाल मोजा: डाव्या कुशीवर पडून, दोन तासांत दहा वेळा तरी जाणवायला हवी.

मोडायचा कधी

हे एका कागदावर लिहून फ्रिजवर, मांडणीवर, रमजानच्या टाइमटेबलशेजारी चिकटवा, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या नजरेत राहील. चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, थरथर. लघवी गडद किंवा दुपारभर झालीच नाही. उलटी. न थांबणारी डोकेदुखी. ताप. यांपैकी काही झालं तर घड्याळ बघू नका. जलसंजीवनी किंवा साखर-मीठ-पाणी घ्या, काही खा, आडव्या व्हा. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर दवाखाना.

बाळाची हालचाल कमी झाली, पोटात ठरावीक वेळाने कळा येऊ लागल्या, रक्त गेलं, पाणी गेलं, डोकं दुखून डोळ्यांपुढे धूसर झालं, यांत अर्धा तासही थांबायचं नाही. 102 किंवा 108 ला फोन. इफ्तारला दहा मिनिटं उरली असली तरीसुद्धा.

न धरणाऱ्यांना

2011 ला माझा एचबी 8.2 होता, ऑगस्टचा महिना. डॉक्टरांनी नाही म्हटलं, मौलानांनी नाही म्हटलं, आणि तरी मी पंधरा दिवस मोरीत दार लावून बिस्किटं खाल्ली. घरात सगळ्यांचे रोजे, आपण चावताना आवाज होतो की काय, अशी लाज. त्यातून दुपारचं जेवण निम्म्यावर आलं. म्हणजे रोजा नाही आणि पोटभर खाणंही नाही, दोन्हीकडून गेलं.

सोळाव्या दिवशी सासूबाईंनी स्वतः मोरीचं दार वाजवलं. हातात ताट होतं: भाकरी, कुळथाचं पिठलं, वर तूप. म्हणाल्या, "इथं उभ्यानं खाऊ नको. आत माझ्या खोलीत बस, मी दार ओढून घेते." त्या स्वतः रोज्याने होत्या. तेव्हापासून मी मुलींबरोबर त्यांच्या सासूलाही बोलावते आणि तिच्यासमोरच सांगते की हिचं दुपारचं जेवण कुठे, कधी, कोण वाढणार. जागा आणि वेळ ठरली की लाज बरीच कमी होते. बाहेर कुणी "रोजा हाय का?" विचारलं तर "डॉक्टरांनी मना केलंय" एवढं पुरे; पोटाकडे बघून बाकीचं लोकांना कळतं. तरावीह, कुराणाची तिलावत, दुआ, खैरात यांना एचबी लागत नाही. उभं राहवत नसेल तर नमाज बसून होते.

अंगावर पाजणाऱ्यांना सवलत तीच आणि विचार करायची रीतही तीच. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, फक्त आईच्या दुधावरचं असेल तर मी थांबा म्हणते. बाळाची लघवी दिवसात सहा वेळांपेक्षा कमी झाली तर तुमचं पाणी कमी पडतंय.

कजाचा हिशेब

गरोदरपणाचे तीस, पाजण्याच्या वर्षाचे काही, वर दर रमजानमध्ये पाळीचे सहा-सात. दोन मुलं होईपर्यंत शंभरेक थकतात आणि बाई आकड्याच्या भीतीने मोजायचंच सोडून देते. तेव्हा लिहा. माझ्याकडे विम्याच्या एजंटाने दिलेली 2009 ची डायरी आहे. तिच्या शेवटच्या पानावर वर्ष, किती सुटले, का सुटले आणि पुढे तुरुंगातल्या कैद्यासारख्या रेघा, चार उभ्या एक आडवी. 2008 चे अठरा, 2011 चे एकोणतीस.

भरायला डिसेंबर-जानेवारी बरे. दिवस साडेबारा तासांच्या आतबाहेर, हवा गार. सलग धरायची सक्ती नाही. मी सोमवार आणि गुरुवार धरते, ड्युटीवर असले तरी जमतात. शाफई असाल तर एक लक्षात ठेवा: कारण नसताना पुढचा रमजान येईपर्यंत कजा लांबवली तर प्रत्येक रोज्यामागे आणखी एक मुद धान्य लागतं, दुसरं गरोदरपण किंवा पाजणं हे कारण धरलं जातं. हनफींना उशिराचा दंड नाही, कजा मात्र सुटत नाही.

2011 चे एकोणतीस संपायला मला सहा हिवाळे लागले. शेवटचा धरला त्या दिवशी सासूबाईंनी पिठलं-भाकरी केली होती, इफ्तारला. त्यानंतर डायरीत पाळीचे रोजे तेवढे येतात-जातात. गेल्या हिवाळ्यातले चार अजून उभ्या रेघांत आहेत, आडवी बाकी आहे.